सलामीचा डबा

पंधरा ऑगस्टचं वर्तमानपत्र हातात आलं की मी आधी दिनविशेषाची चौकट उघडतो. या तारखेला जगात काय काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, ते तिथं असतं. पंचेचाळीस साली जपान शरण आलं आणि महायुद्ध संपलं. सत्तेचाळीस साली आपला देश स्वतंत्र झाला. या दोन ओळी दरवर्षी असतात आणि असायलाच हव्यात. पण त्या वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दिल्ली येत नाही. मला दिसतं दूधगंगेच्या पलीकडचं एक लहान गाव, तिथल्या माळावर ओळीनं रोवलेल्या उखळ्या आणि डोक्याला फडकं आवळून बांधलेला एक म्हातारा. त्या दिवशी त्या गावात कुणाचा जीव गेला नाही, त्यामुळे ते गाव कुठल्या चौकटीत येणार नाही. पण कुणाचा तरी जाईल म्हणून त्या सकाळी मी जेवढा भ्यालो, तेवढा सगळ्या नोकरीत पुन्हा कधी भ्यालो नाही.

यातली बहुतेक माणसं आता हयात नाहीत. तरी नावं लिहिणार नाही. पोलिसाच्या आठवणीत कुणाचं नाव आलं की वाचणाऱ्याला तो आरोपीच वाटतो, आणि या प्रकरणात आरोपी म्हणावा असा कुणी नव्हता.

मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो, नुकताच बदलून आलेला. आमचा मुलूख खालसा, म्हणजे इंग्रज सरकारचा. नदी ओलांडली की कोल्हापूर संस्थानची हद्द. माणसं एकच, बोली एकच, लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या आणि तिकडच्या इकडे आणलेल्या. पण पोलिसाचा हुकूम मात्र पाण्याच्या कडेला संपायचा. आमच्या हद्दीतला चोर एकदा पलीकडे पोचला की तिथून आम्हाला रामराम घालायचा.

ऑगस्टच्या त्या आठवड्यात ठाण्यात सगळेच आतून धास्तावलेले होते. बंदोबस्ताचे हुकूम रोज येत आणि रोज बदलत. पंजाबकडच्या बातम्या कानावर येत होत्या. बाजारात कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी शिपाई वळून बघायचे. टोपीवरचा मुकुटाचा बिल्ला उद्या काढायचा की ठेवायचा, याबद्दल वरून काही आलं नव्हतं. आमचे हवालदार चिकोडीकडचे, घरी कानडी आणि ठाण्यात मराठी बोलणारे. बूट पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, "साहेब, उद्यापासनं आपण कुणाचे शिपाई?"

"जनतेचे," मी म्हणालो.

"म्हंजे बेचाळीसात ज्यांना बडवलं त्यांचेच की," ते म्हणाले आणि पुन्हा बूट पुसायला लागले.

चौदा तारखेला दुपारी मी दवाखान्यात गेलो. दुसऱ्या दिवशी गर्दी होणार, कुणी पडेल झडेल, म्हणून पट्ट्या आणि टिंक्चर तयार ठेवा, एवढंच सांगायचं होतं. कंपाउंडर मोठा बोलका माणूस होता.

"पट्ट्या हायत वो साहेब," तो म्हणाला, "डोकेदुखीच्या पुड्या मातर सकाळी संपल्या. एक म्हातारा आलता नदीपलीकडनं. डोकं फुटायला लागलंय म्हणत भिंतीला टेकून बसला. बरोबर दोघं होते, त्यांची बी तीच गत. हात बघितलं तर तेलकट, पिवळं. धुऊन या म्हटलं, तर म्हणतोय कालपासनं धुतोय, वास जाईना."

"कसला वास?"

"गोडसर. केळं लई पिकल्यागत." त्यानं नाक आक्रसलं. "उद्या झेंड्याला उखळीचे बार काढायचे हायत म्हणाला. कुठली तरी इलायती दारू मिळालीया, कांड्या केलेली. ती मोकळी करत बसलेत म्हणे सगळे."

पट्ट्यांचं मी तिथंच विसरलो.

याचं कारण सांगायला हवं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी खानापूर भागात, गुंजीच्या बाजूला होतो. तिथं एका ठेकेदाराच्या दगडखाणीत सुरुंगाच्या कांड्या बरेच दिवस पडून राहिल्या होत्या. तिथल्या मुकादमानं मला तेव्हा सांगितलं होतं की जुन्या कांडीला घाम येतो. अंगावर तेलासारखे थेंब सुटतात, हाताला लागले की डोकं ठणकायला लागतं, आणि मग त्या कांडीला वातीची गरज उरत नाही. नुसता ठोका पुरतो. आठवड्याभरानं त्याच खाणीतल्या अपघाताचा पंचनामा मी केला. पंचनाम्यात मुकादमाची चप्पल होती.

आणि उखळी म्हणजे काय, तेही सांगतो, कारण आता जत्रांतूनसुद्धा ती कमी दिसते. जाड लोखंडाची बुटकी नळी. ती जमिनीत रोवायची, काळी दारू भरायची, वर विटेचा चुरा घालायचा आणि लोखंडी गजानं ठासायचं. चांगलं ठासलं तर बार मोठा. हे काम गावातल्या एकाच घराकडे असतं, तो त्यांचा मान. म्हणजे उद्या सकाळी कुठल्या तरी गावात एक म्हातारा घाम आलेली सुरुंगाची कांडी लोखंडात घालून लोखंडानं ठोकणार होता, आणि भोवती अख्खं गाव उभं असणार होतं.

"कुठल्या गावचा म्हातारा?" मी विचारलं.

"ते न्हाय विचारलं. पुडी द्यायला गावाचं नाव कशाला लागतंय? कानाची पाळी फाटलेली होती, उजव्या. आणि ऐकू लई कमी येतंय त्याला."

पलीकडे काठाकाठानं कितीतरी गावं, आणि झेंडा प्रत्येक ठिकाणी. मी ठाण्यात आलो आणि हवालदारांना एकच प्रश्न विचारला: या भागात सुरुंगाच्या कांड्या कुणाकडे असतील? त्यांना आठवायला वेळ लागला नाही. बेचाळीसच्या चळवळीत रस्त्याच्या कामावरून कांड्यांची पेटी गेली होती. तपास झाला, एक जण धरला, तुरुंगात गेला, पण माल कधीच मिळाला नाही. तो माणूस चार मैलांवरच्या गावात होता. गाव त्याला आप्पा म्हणे.

"मागच्या फौजदारांनी त्याला सोलून काढला, पर शब्द बोलला न्हाय," हवालदार म्हणाले. "साहेब, आज त्याच्या दारात जाऊ नका. उद्या गाव त्याची मिरवणूक काढणार हाय. आज खाकी दिसली तर दगड पडतील."

मी काठी ठाण्यात ठेवली आणि एकटाच गेलो. धाडस वगैरे काही नव्हतं. शिपाई बरोबर नेले असते तर दगड लवकर पडले असते, एवढाच हिशेब.

आप्पाची आई सोप्यात सुपात पोहे निवडत होती. मला बघून तिचा हात थांबला. "आजच्या दिशी बी आलाच व्हय तुम्ही?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, शीण होता. आप्पा आत आंब्याच्या पानांचं तोरण बांधत बसला होता. चाळिशीचा, रुंद खांद्याचा, एक डोळा थोडा बारीक झालेला. तो कशानं झाला ते मी विचारलं नाही. आम्ही बोलायला बसलो तोवर दारात माणसं जमली होती आणि त्यांच्या हातात झेंड्यांसाठी तासलेले बांबू होते. मला घाम फुटला होता आणि तो पुसायचीही सोय नव्हती.

"साहेब, उद्या आला असता तर च्या पाजला असता," आप्पा म्हणाला.

"बेचाळीसच्या कांड्या कुठं आहेत, एवढंच सांग. मी गुन्हा म्हणून विचारत नाही."

"मागचं साहेब बी आदी असंच गोड बोलायचं." त्यानं पान दुमडलं. "मार खाल्ला तवा सांगितलं न्हाय. आता शेवटच्या दिशी सांगू?"

मी माणसाच्या हातांकडे बघतो, ती माझी सवय. भीतीनं गप्प बसलेल्या माणसाची बोटं कुठे ना कुठे चुळबुळत असतात. आप्पाची बोटं तोरण बांधत होती आणि एकही गाठ सैल पडत नव्हती. या माणसाकडून दरडावून काही निघणार नाही हे मला कळलं. शपथा घालूनही निघणार नव्हतं, कारण शपथ घालणारा खाकीत होता. मग मी वेगळंच विचारलं.

"कांड्या भरल्या त्या रात्री तुझं डोकं दुखलं होतं का?"

बोटं थांबली.

"ते तुम्हाला कुणी सांगितलं?" तो म्हणाला. "लई दुखलं. दुसऱ्या दिशी धरलं मला. आजवर समजत होतो मारानं दुखलं."

"मार पडायच्या आधीपासून दुखत होतं."

तो आठवत राहिला. "व्हय," तो हळू म्हणाला, "आदल्या रातीपासनं."

मग मी त्याला खाणीतलं सांगितलं. मुकादमाच्या चपलेचंही सांगितलं. आणि मग दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्याचं सांगितलं: पिवळे हात, गोड वास, उद्याचे बार. "ऐकू कमी येतं त्याला," मी म्हणालो. "उजव्या कानाची पाळी फाटलेली आहे."

आप्पाच्या मांडीवरून तोरण खाली पडलं. "त्यो माझ्या आक्काचा सासरा," तो म्हणाला.

पुढचं त्यानं एका दमात सांगितलं. पेटी फोडून कांड्या त्यानं रॉकेलच्या डब्यात भरल्या, झाकणाला मेण लावलं आणि संस्थानात दिलेल्या थोरल्या बहिणीच्या घरी नेऊन ठेवल्या. तिकडे इंग्रजांचा पोलीस येत नसे. आक्कानं विचारलं, यात काय हाय? खरं सांगितलं असतं तर तिला झोप लागली नसती. लहान पोरं घरात. "म्हणून तिला म्हटलं, उखळीची दारू हाय गं. आपलं राज्य आलं की तुझ्या सासऱ्याला दे, बार काढायला." आप्पानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तिला भ्या वाटू नये म्हणून बोललो, साहेब. सुटून आलो तर माझ्यावर पाळत. आक्काकडं गेलो की मागं तुमचा माणूस. डब्याचं नाव काढायची सोय नव्हती. पुढं वाटलं, जुनं झालं की त्यातला दम जात असंल."

"दम जात नाही, आप्पा. वाढतो."

आक्कानं भावाचा शब्द पाळला होता. पाच वर्षं डबा माळ्यावर राहिला, आणि राज्य आलं तसा तिनं तो काढून दिला होता.

दारातले बांबू बाजूला झाले. आप्पाच्या आईनं सूप खाली ठेवून एवढंच विचारलं, "माझी लेक हाय न्हवं?" मी म्हणालो, आहे. ते खरं होतं, पण किती वेळ खरं राहील हे मला ठाऊक नव्हतं.

ठाण्यात निरोप धाडून एक शिपाई मी पुलाच्या रस्त्यानं संस्थानच्या पोलिसांकडे पाठवला. तो फार लांबचा वळसा होता आणि वाटेत ओढे भरलेले. आप्पा आणि मी सरळ नदीवर गेलो. दूधगंगा दुपारपासून चढून दुथडी भरून चालली होती. अंधार पडला होता आणि पलीकडे न्यायला कुणी तयार होईना. एकच दिलासा होता. आप्पा म्हणाला, म्हातारा दारू आदल्या दिवशी कधी भरत नाही, दमट होते. भरायचं ते झुंजुमुंजू झाल्यावर, आणि ठासायचं ते नारळ फुटल्यावर.

फटफटलं तसा एक कोळी तयार झाला. नाव नव्हती, गुऱ्हाळाची काहील होती. गूळ शिजवायच्या त्या पसरट कढईत आम्ही उकिडवे बसलो, आणि तो कडेला धरून पोहत ती ढकलू लागला. मला पोहता येत नाही. पाणी काठोकाठ लागत होतं आणि काहील स्वतःभोवती फिरत होती. खाकी दिसू नये म्हणून मी अंगावर घोंगडं घेतलं होतं. ते भिजून इतकं जड झालं की पडलो असतो तर दगडासारखा तळाला गेलो असतो.

आणि तेवढ्यात बार सुरू झाले. आधी आमच्या बाजूला, मग पलीकडे, वरच्या अंगाला, खालच्या अंगाला. स्वातंत्र्याची पहिली सकाळ, गावोगाव उखळ्या उडत होत्या. सगळ्या देशानं त्या आवाजांवर आनंद केला असेल. आम्ही दोघं मात्र प्रत्येक बाराला मान खाली घालत होतो आणि आवाज कुठल्या अंगानं आला ते ताडत होतो. आप्पा दर वेळी म्हणायचा, "हा न्हवं." एकदा बार झाल्यावर तो काहीच बोलला नाही. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हा बी न्हवं."

काठाला लागलो आणि चिखलातून पळत सुटलो. माझी टोपी काहिलीतच राहिली. गावाबाहेरच्या माळावर पोचलो तेव्हा सगळा गाव तिथं होता. मधोमध खांब, त्याला बांधलेला झेंडा, खांबाजवळ आरत्या घेतलेल्या बाया, पुढे पोरं. पोरांच्या पुढे ओळीनं उखळ्या. पहिली भरून तयार होती. तिच्यापाशी म्हातारा उभा, डोक्याला फडकं आवळलेलं, हातात गज. आणि आम्ही अजून लांब असतानाच पाटलांनी नारळ फोडला.

घोषणा सुरू झाल्या. आम्ही ओरडलो असतो तर ते घोषणांतच मिसळलं असतं. म्हाताऱ्याला तर कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, जन्मभराच्या बारांनी त्याचे कान गेले होते. पोलीस म्हणून मी पुढे झालो असतो तर रेटारेटी झाली असती, आणि तिथं कुणाचा नुसता पाय लागणंही परवडणारं नव्हतं. काय करावं ते मला सुचत नव्हतं, हे मी कबूल करतो.

आप्पाला सुचलं. त्या दिवसासाठी त्यानं नवा फेटा बांधला होता. तो त्यानं डोक्यावरून ओढून काढला, खांद्यावर टाकला आणि बोडक्या डोक्यानं गर्दीकडे धावत सुटला.

आमच्या भागात बोडक्या डोक्यानं माणूस धावत आला की त्याला कुणी काही विचारत नाही. लेकीच्या सासरी तसा येतो तो माहेरच्या मयताचा निरोप घेऊन. आरती घेतलेल्या बायांतली एक जागीच थिजली. आप्पा ओरडला, "आक्का, आई गेली गं."

तिचं ताट खाली पडलं. तिनं फोडलेला हंबरडा माझ्या कानात अजून आहे. घोषणा तुटल्या. बाया तिच्याभोवती धावल्या, त्यांच्याबरोबर पोरंही उखळ्यांपासून मागे सरकली. म्हाताऱ्याला हंबरडा ऐकू आला नसेल, पण बोडकं डोकं दिसलं. त्यानं उचललेला गज तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो हळू खाली घेतला आणि गवतावर आडवा ठेवला.

"सुनंच्या म्हायेरात मयत," तो शेजारच्याला म्हणाला, "आणि म्या बार काढू व्हय?"

आप्पानं त्याला धरून उखळीपासून दूर नेलं. मी घोंगडं टाकलं आणि पाटलांपुढे गेलो. खाकी बघताच गर्दीत कुजबूज झाली: खालशाचा पोलीस झेंडा बंद पाडायला आला. चार-सहा जण माझ्यावर चालून आले. "इथं माझा हुकूम चालत नाही," मी म्हणालो, "मी विनंती करायला आलोय." माझा आवाज फाटला होता. त्या फाटलेल्या आवाजामुळेच त्यांनी ऐकून घेतलं असावं. मग आप्पानं सगळ्या गावादेखत डब्यात काय आहे ते सांगितलं. लोक एकेक पाऊल मागे सरकायला लागले.

म्हाताऱ्याला ते पटेना. "चांगली दारू हाय," तो म्हणत राहिला. "दोन वर्सांमागं हीच तारीख. सायबाची लढाई जितली म्हणून सरकारी दारूनं बार काढाय लावलं. तवा मान खाली घालून काढलं म्या. आज एक तरी आपला बार माझ्या हातनं होऊ दे की रं." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्या कानाला लागून मोठ्यानं विचारलं, "आजोबा, डोकं कधीपासून ठणकतंय?" त्यानं आपल्या पिवळ्या हातांकडे बघितलं, मग गजाकडे, मग मागे सरकलेल्या पोरांकडे. मग डोक्याचं फडकं सोडून तो गवतावर बसला.

तिकडे आक्का नदीच्या वाटेला लागली होती. आईचं तोंड बघायला तिला भरल्या पुरात उतरायचं होतं. आप्पानं तिला वाटेत गाठलं आणि दोन्ही दंड धरले. "आई हाय," तो म्हणाला. "घरात हाय. काल पोहे निवडत बसलीती. तुला अडवायला दुसरं काय सुचलं न्हाय गं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रडणं थांबलं, पण तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली नाही.

झेंडा बारांशिवाय वर गेला. मी बोडक्या डोक्यानं उभा राहिलो. टोपी नव्हती ते बरंच झालं, बिल्ल्याचा प्रश्न आपोआप मिटला.

दुपारी संस्थानचे पोलीस विहिरी फोडणाऱ्या सुरुंगवाल्याला घेऊन आले. उरलेल्या कांड्या त्यानं लांबच्या बांधाआड जाळल्या. भरलेल्या उखळीला मात्र तो हात लावायला तयार झाला नाही. गावकऱ्यांना दूर नेऊन, लांब वात जोडून ती जागच्या जागी उडवली. तो आवाज कानात शिरला नाही, छातीत शिरला. धुरळा बसल्यावर बघितलं तर उखळी नव्हती, खड्डा होता. तिचा वीतभर तुकडा माळाच्या कडेच्या चिंचेत रुतला होता. चिंच आणि खड्डा यांच्या मधोमध सकाळी आरत्या घेतलेल्या बाया उभ्या होत्या. एका म्हातारीनं खाली बसून मातीला हात लावला.

आक्का खड्ड्यापाशी आली, आत बघितलं आणि भावाकडे वळली. "खोटं बोलून डबा दिलास," ती म्हणाली, "आणि खोटं बोलूनच परत नेलास. गाव वाचलं, बरं झालं. पर आईला मारून आलास रं तू. आजपासनं तुझं काय बी खरं मानणार न्हाय मी." आप्पानं मान खाली घातली. पोलिसांचा मार खाताना हा माणूस कसा बसला असेल ते मला त्या वेळी दिसलं.

ठाण्यात परतलो. माझ्या हद्दीत गुन्हा घडला नव्हता, आरोपी नव्हता, मुद्देमाल राख झाला होता. हवालदारांनी डायरीत लिहून ठेवलं होतं: झेंडावंदन शांततेत पार पडले. मी खाली सही केली.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते पुढं नोकरीभर उपयोगी पडलं. आम्ही पोलीस समजतो की माणूस खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला. पुष्कळदा तो दुसऱ्याला भीती वाटू नये म्हणून बोलतो, आणि ते खोटं वर्षानुवर्षं कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहतं. म्हणून पुढे चौकशीला बसलो की समोरचा काय लपवतोय हे विचारण्याआधी, तो कुणाला जपतोय हे मी शोधू लागलो. आणि अशा खोट्याची किंमत शेवटी कुणाला मोजावी लागते, ते त्या वेळी शिकायचं राहून गेलं होतं, ते नंतर कळलं.

काही वर्षं गेली. संस्थान विलीन झालं, नदीवरची हद्द गेली. मी बदलून दुसरीकडे गेलो होतो आणि पुन्हा त्याच भागात आलो होतो. एका सकाळी आप्पा ठाण्यात आला. त्याच्या डोक्यावर फेटा नव्हता. मी खुर्चीतून उठलो.

"आई गेली, साहेब," तो म्हणाला. "पहाटं. आक्काला सांगावा धाडला. ती येईना. म्हणती, तिच्या नावानं एकदा रडून झालंय माझं, आता फसायची न्हाय. त्यो फौजदार येऊन सांगंल तर खरं मानीन." त्यानं हात जोडले. "म्या पोलिसापुढं कवा हात पसरला न्हवता. तुम्ही चला. तिच्यासाठी माती थांबवून धरलीया."

मी गेलो. या वेळी नाव होती आणि पाणी संथ होतं. आक्का अंगण सारवत होती. दारात खाकी बघून ती हातातला शेणाचा गोळा तसाच धरून उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. भावाचं जे तिनं मानलं नव्हतं, ते माझ्याकडून ऐकायला थांबली होती. मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि ती तिथंच खाली बसली.